केरू गोताडाची टिकटिक

पावस गावच्या खालच्या पाखाडीला राहणाऱ्या केरू धोंडू गोताडाचा जगात कोणावरच विश्वास नव्हता, आणि गंमत म्हणजे ह्याच दुर्गुणावर त्याचं घर चालत होतं. भागोजीशेठच्या बागेत तो आंबा निवडायचं काम करी. हापूस हा मोठा लबाड जिन्नस. वरून केशरी, देठाशी वास असा की पाहुण्याने पानावरून हात उचलून आधी तिकडे न्यावा, आणि कापला की आत पांढरट, आंबट साका. कापल्याशिवाय साका कुणाला दिसत नाही आणि कापलेला आंबा पेटीत भरता येत नाही. केरू मात्र आंबा पाण्यात सोडून बघे, देठाजवळच्या खांद्यावरून अंगठा फिरवी, तळहातावर तोली आणि म्हणे, ह्यो नको. चारचौघांना सज्जन वाटलेला आंबा असा बाजूला पडला की एखादा चिडून तो कापून बघायचा. दहातल्या नऊ वेळा आत साका. दहाव्या वेळी केरूचं म्हणणं, तुम्ही घाई केलीत, आणखी दोन दिवस थांबला असतात तर दिसला असता.

आंबा भरायच्या शेडमध्ये ही नजर सोन्याची होती. घरी तिने उच्छाद मांडला होता. मासे घेताना तो कल्ले उघडून बघे आणि मग कोळणीच्या तोंडाकडेही बघे. एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरचे डोळे लाल नाहीत ना ते पाही. राहीला बघायला गेला तेव्हा त्याने तिला अंगणात दोनदा चालायला लावलं होतं आणि मग बापाला विचारलं होतं, सावकाश का चालते? ती लाजली होती एवढंच. "पाण्यात बुडवून बघितला नाय, उपकार झाले," असं राही बावीस वर्षं म्हणत आली होती.

अशा माणसाच्या स्वतःच्या छातीत साका निघावा आणि तो त्याला कळू नये, ह्याला काय म्हणावं? लहानपणी त्याला ताप आला होता, गुडघे आणि कोपरं सुजली होती, महिनाभर अंथरुणात होता. पुढे सगळे विसरले. चाळिशी उलटल्यावर पाखाडीच्या पायऱ्या चढताना त्याला मधेच बसावं लागायला लागलं. आधी त्याने पायऱ्यांवर संशय घेतला, मग विडीवर, मग तंबाखूवर. शेवटी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं की काळजाची एक झडप कामातून गेली आहे, मुंबईला जाऊन बदलून घ्यावी लागेल.

पंच्याऐंशी सालच्या जूनमध्ये, आंब्याचा हंगाम उरकल्यावर, राहीचा भाऊ गंगाराम त्याला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. छाती उघडून त्यात धातूची झडप बसवली. केरू वाचला. घरी सोडताना तिथल्या तरुण डॉक्टरने अगदी चांगल्या मनाने त्याला सांगितलं, "शांत जागी बसलात तर झडपेची टिकटिक ऐकू येईल. टिकटिक ऐकू येतेय तोवर घाबरू नका."

हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो घरी येऊन पोटभर जेवला असता. केरूने त्याचा अर्थ उलट्या बाजूने लावला. म्हणजे ऐकू आली नाही की संपलं. आणि तो ऐकत बसला. ओटीवर बसून ऐके, जेवताना घास तोंडात धरून ऐके. भिंतीवरचं घड्याळ त्याने उतरवून शेजारच्या सावित्रीवहिनीकडे ठेवायला दिलं, त्याच्या टिकटिकीत आपली हरवते म्हणून. राहीने भांडी घासताना आवाज केला की हात वर करून तिला थांबवी. शिमग्याला नमनाचे खेळे दारात आले, मृदुंग वाजायला लागला, तसा हा मागच्या दाराने निघून परसात फणसाखाली जाऊन बसला. ज्या खेळ्यांत ह्याने पंधरा वर्षं टाळ वाजवले, ते खेळे नारळ घेऊन दारातून तसेच गेले. राहीला त्या दिवशी फार लागलं.

"तुमी मुंबैसून घरी आलात, पन अजून माणसांत आला नाय," ती म्हणाली. त्याने हात वर केला. तो ऐकत होता.

शहाऐंशीच्या हंगामात भागोजीशेठने त्याला हौसेने बोलावून शेडमध्ये बसवलं. पेंढ्याच्या त्या शांत जागेत टिकटिक झकास ऐकू येत होती. केरू आंबा हातात घेई आणि तसाच धरून बसे. पंधरा दिवसांत मुंबईच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी आली, केरूच्या हातच्या पेटीत साका निघाला म्हणून. असं आजवर घडलं नव्हतं. भागोजीशेठ ओरडला नाही. हात थाऱ्यावर आला की ये, तुझी जागा मी कुणाला देत नाही, एवढंच तो म्हणाला. केरूला वाटलं, जागा देत नाही म्हणतोय त्या अर्थी कुणालातरी दिली असणार.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं की झडप उत्तम आहे, बिघाड वर डोक्यात आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवू नका, आणि रोज चाला. चालणं जमलं की हळूहळू पळा. बोलता येईल इतपतच पळायचं, शर्यत लावायची नाही. मग त्यांनीच सव्वीस जानेवारीला रत्नागिरीत मांडवीच्या वाळूवर दोन मैलांची दौड ठेवल्याचं सांगितलं. ऑपरेशनला घाबरून घरी मरणारी माणसं जिल्ह्यात पुष्कळ आहेत, त्यांना तुम्ही दिसायला हवेत, म्हणाले. केरू घरी येऊन म्हणाला, "मना नमुन्याची पेटी करतोय तो."

नोव्हेंबरात युसुफ मस्कतहून सुटीवर आला. युसुफ आणि केरू पावसच्या शाळेत एका बाकावर बसलेले. युसुफ पुढे बोटीवर गेला, मग आखातात, पण गावी आला की केरूच्या घरी पहिल्या दिवशी आल्याशिवाय राहत नसे. ह्या वेळी त्याने एक वॉकमन आणला होता. कमरेला डबी, कानावर दोन गोल गाद्या. आत कॅसेट होती तीही केरूच्या ओळखीची. चार वर्षांपूर्वीच्या शिमग्यात युसुफने टेपवर घेतलेलं त्यांच्याच खेळ्यांचं नमन. मृदुंग बाबल्या घाणेकराचा, टाळ केरूचे. मस्कतला ही टेप ऐकून मी तीन वर्षं काढली, आता तू ऐकून पळ, युसुफ म्हणाला.

केरूने गाद्या कानावर चढवल्या. मृदुंगावर थाप पडली. दुसऱ्या क्षणी त्याने यंत्र उपटून ओटीवर आपटलं आणि दोन्ही हातांनी छाती धरली. चेहरा पांढराफटक.

"बंद पडला," तो म्हणाला.

बंद काही पडलं नव्हतं. मृदुंगाच्या आवाजात टिकटिक ऐकू आली नव्हती इतकंच. युसुफने पन्नासदा समजावलं. केरूने पन्नासदा मान हलवली आणि यंत्र परत केलं. शिवाय मनात एक नोंद करून ठेवली. आखातातून आणलेली एवढी महागाची वस्तू हा फुकट का देतो?

त्यानंतर केरूला ज्या गोष्टी दिसायला लागल्या त्या कुणाही माणसाला खटकल्या असत्या, केरूचं तर सोडाच. कुंपणाच्या गडग्यापाशी राही आणि युसुफ बोलत उभे असायचे आणि हा दिसला की गप्प व्हायचे. राही दोन दुपारी युसुफच्या घरी गेली. त्याच्या बायकोला, हफीजाभाभीला, पापड लाटायला मदत करते, म्हणाली. केरूने ती आल्यावर तिच्या हातांचा वास घेतला. उडदाच्या पिठाचा मागमूस नाही. उजव्या हाताचा अंगठा मात्र लाल होऊन सुजला होता. पापड लाटून अंगठा सुजत नाही. त्यातच फळीवर पडून असलेली त्याची जुनी चुन्याची डबी नाहीशी झाली. तंबाखू सोडल्यापासून त्याने तिला हात लावला नव्हता, पण गेली म्हणजे गेली कुठे?

राहीबद्दल वेडावाकडा संशय त्याला शिवला नाही. बावीस वर्षांत ह्या एका आंब्याची त्याची खात्री झाली होती. त्याला जे वाटलं ते वेगळं होतं आणि जास्त वाईट होतं. डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय. झडपेला मुदत असणार. बॅटरीच्या सेलाला असते, छत्रीच्या काडीला असते, मग ह्या धातूच्या टिकलीला का नसेल? ती मुदत हिला ठाऊक आहे, युसुफला ठाऊक आहे, आणि म्हणून सगळे आपल्याशी एवढे गोड वागताहेत. वॉकमन फुकट मिळतोय तो त्यामुळेच.

आठवड्याने युसुफ यंत्र घेऊन पुन्हा आला. कानाच्या गाद्या बदलून आणल्यात, म्हणाला. ह्या जपानी गाद्या कानशिलाची नस पकडतात आणि छातीतला आवाज वर आणतात. आता गाण्याबरोबर तुझी टिकटिकही ऐकू येईल. केरू हसला. पण गाद्या लावून पाहिल्या आणि त्याचं हसू मावळलं. मृदुंग वाजत होता, टाळ वाजत होते, आणि त्यांच्या खाली, स्वच्छ, सावकाश, टिक. टिक. टिक. तीच. दीड वर्षं ऐकलेली. गती तीच, मधला खंडही तोच.

तरी तो केरू होता. त्याने गाद्या काढून युसुफच्या कानाला लावल्या. टिकटिक येते? युसुफ म्हणाला, मृदुंग येतो, टिकटिक कसली? तुझ्या छातीतली टिकटिक माझ्या कानशिलात कशी येईल? मग केरूने राहीला बोलावलं. तिने गाद्या लावल्या, बराच वेळ ऐकलं आणि केरूच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "टाळ तुमचे चांगले वाजतायत. दुसरा काय नाय आयकू येत."

एक आंबा दोघांच्या सांगण्यावरून ज्याने कधी पेटीत टाकला नाही, त्याने इथे दोघांचं मान्य केलं. तिसऱ्याला विचारायला हवं होतं. पण माणसाला हवं तेच कानावर पडलं की तिसरा कोण शोधत बसतो?

डिसेंबरपासून तो पळायला लागला. सकाळी ऊन कातळावर यायच्या आत देवळापर्यंत जायचं आणि यायचं. आधी चाल, मग दुडकी चाल, मग खरोखरीची धाव. कॅसेटमधली दोन गाणी संपेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं. घरी आला की राही यंत्र हातातून काढून घेई आणि कॅसेटमध्ये पेन्सिल घालून ती पुन्हा पहिल्यापासून गुंडाळून ठेवी. पुढचं ऐकू का म्हटलं की सेल संपतील म्हणे. ह्याचाही त्याला संशय आला, पण टिकटिक इतकी घट्ट चालत होती की त्याने मनावर घेतलं नाही. पळताना काळीज धावतं हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. केरूच्या कानातली टिकटिक मात्र धावत नव्हती, आणि ह्या शहाण्याने त्याचा अर्थ असा लावला की यंत्र अस्सल आहे, दमतच नाही. भूक वाढली. एक दिवस तो टाळाच्या ठेक्यावर मान हलवताना राहीला दिसला. ती चुलीपाशी जाऊन डोळे पुसत बसली. ते केरूने पाहिलं आणि मुदतीचा संशय पुरता पक्का झाला.

दौडीच्या आदल्या आठवड्यात त्याने विचारलंच. "डाक्टरनं तुला काय सांगितलान? किती वरसं हायत माझी?"

राही तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. कोणी काही सांगितलं नाही, म्हणाली, पण बघितलं सुपात. केरूने आयुष्यभर चेहऱ्यांत साका शोधला होता. हा त्याला अंधारातही ओळखू आला असता. काहीतरी लपवत होती ती. केरू उठून बाहेर गेला. मरायचंच असेल तर ओटीवर बसून कशाला, मांडवीला चारचौघांत मरू, असं त्याने ठरवलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी मांडवीच्या काळ्या वाळूवर साठ-सत्तर जण जमले होते. कॉलेजची मुलं, पोलीस, दोन बँकेतले. जेटीपासून वाळूच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, असे दोन फेरे. सगळ्यांच्या मागे केरू, अंगात गंजीफ्रॉक, कमरेला राहीने शिवलेल्या कापडी पिशवीत वॉकमन. रांग लागली तसं युसुफने बटण दाबून दिलं आणि तो गर्दीत गेला. तेवढ्यात पाहुणे भाषणाला उभे राहिले. प्रजासत्ताक, मग आरोग्य, मग पुन्हा प्रजासत्ताक. केरूला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही, पण कॅसेट फिरत राहिली. पहिलं गाणं भाषणातच संपलं.

शिट्टी झाली. मुलं सुटली आणि दिसेनाशी झाली. केरू आपल्या ठरलेल्या चालीने निघाला. ओल्या वाळूत पाय बरे पडत होते. टिक. टिक. टिक. टोकाला वळसा घालताना डॉक्टर दिसले, त्यांनी हात केला. पहिला फेरा संपला तेव्हा दुसरं गाणंही संपत आलं होतं. मग तिसरं सुरू झालं. हे त्याने ह्या यंत्रावर कधी ऐकलं नव्हतं. गवळण होती. त्याला आठवलं, इथे आपण टाळ खाली ठेवून नाचलो होतो. धाप लागत होती, पण बोलता येईल इतपतच. बोलून बघायला तो स्वतःशीच दोन ओळी गुणगुणला. दुसऱ्या फेऱ्याचं टोक जवळ आलं.

आणि टिकटिक थांबली.

मृदुंग चालू होता. टाळ चालू होते. खाली काहीच नव्हतं. केरू जागच्या जागी उभा राहिला, हात छातीवर. त्याच्या मनात स्पष्ट आलं, ही ती वेळ. समुद्र समोर होता, ऊन पडलं होतं. राही जेटीपाशी उभी आहे आणि ती इतक्या लांब आहे, ह्याचंच त्याला फार वाईट वाटलं. एक मोजला, दोन, तीन. तो पडला नाही. चार. अजून उभाच होता. पाच.

मग कानात, मृदुंगाच्या मागून, काकणं वाजली आणि अगदी जवळून राहीचा दबलेला आवाज आला, "हुश. हुश मेले, परत आलीस?" एक कोंबडी कलकलत, पंख फडफडवत लांब गेली. कोणीतरी बाई हसू दाबत होती. ती हफीजा असणार. आणि मग पुन्हा, सावकाश, टिक. टिक. टिक.

केरू वाळूवर पुतळ्यासारखा उभा. एकेक पेटी त्याच्यासमोर उघडत गेली. पिठाचा वास नसलेले हात. सुजलेला अंगठा. नाहीशी झालेली चुन्याची डबी, जिचं झाकण दाबलं की टिक वाजे. एका टेपवर नमन लावून, ते भरून घेणाऱ्या दुसऱ्या टेपसमोर बसून ही बाई अर्धा तास अंगठ्याने झाकण दाबत बसली होती, आणि गती चुकली नव्हती. केरूसारख्या माणसाला दोन महिने ती कळली नाही, इतकी बरोबर. ही गती ती कुठे शिकली असेल? दीड वर्षं तो एकटाच ऐकत नव्हता तर.

त्याला आधी भयंकर राग आला. मग त्याने मानेवर बोटं ठेवली. आतली नाडी कानातल्या टिकटिकीच्या दुपटीने पळत होती, ठणठणीत, कोणाला न विचारता. दोन महिने ती अशीच पळत असणार, आणि तो चुन्याची डबी ऐकत होता. दोन महिने पळताना त्याच्या झडपेवर पहारा नव्हता. मुदतबिदत काही नव्हती. सुपात बघून लपवलं होतं ते हे. केरूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो मोठ्याने हसला. शेजारून चाललेला एक जाडा बँकवाला दचकला.

त्याने गाद्या कानावरून काढून गळ्यात टाकल्या. लाटांचा आवाज एकदम अंगावर आला, माणसांचा, कावळ्यांचा. त्या सगळ्यात त्याची टिकटिक होती की नव्हती, कोण जाणे. तो पळायला लागला.

शेवटून तिसरा आला. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि त्याला हाताला धरून कोणाकोणाला दाखवायला निघाले. केरूने नमुन्याच्या पेटीसारखं निमूटपणे चार माणसांना दाखवून घेतलं आणि सुटून तो राहीकडे आला. राही जेटीच्या कठड्याला टेकून उभी होती, ओठ सुकलेले. तिचा उजवा हात पदराआड होता, पण वाऱ्याने पदर हलला तेव्हा केरूला दिसलं. हातात डबी नव्हती, काही नव्हतं. अंगठा आपला बोटावर दाबला जात होता, सुटत होता, दाबला जात होता. त्याच जुन्या गतीने.

गळ्यातल्या गाद्यांकडे बघून ती घाबरली. "काढलात कशाला? टिकटिक आयकू येत होती ना?"

"येत होती," केरू म्हणाला. "मदीच थांबली."

तिचा चेहरा उतरला. "मग?"

"मग कोंबडी गेली, नि परत चालू झाली."

राहीचा अंगठा थांबला.